ज्याचा सिनेमा, त्याने पुढचं सांगायचं

चार रिटायर माणसं आणि एक टीव्ही एका खोलीत आले की किस्से आपोआप साठत जातात. साठवायची मेहनत नसते, सांगायचे कुणाला हीच पंचाईत असते. सध्या माझ्या घरात ऐकणारं कुणी नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही चौघं राजूरच्या खाणीतून रिटायर झालेलो. मी लॅम्प रूमवर होतो. खाली उतरणाऱ्याला टोपीचा दिवा चार्ज करून द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा, एवढंच माझं काम. सलीमभाई सुरुंग लावायचे. भीमराव नगराळे कोळशाचे डबे ओढायचं मशीन चालवायचे. किसन राठोड छताला लाकडी टेकू द्यायचा. रविवारी दुपारी तिघंही माझ्याकडे यायचे, कारण त्यांच्या घरी टीव्हीवर कार्टून चालू असायचं आणि माझं घर रिकामं.

रिकामं म्हणजे, माझी बायको सुमन पुण्याला मुलाकडे असते. नातू झाला तेव्हा चार-सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. नातू आता शाळेत जातो. मीही जाऊन राहून आलो, पण तिकडे एकच बेडरूम. मी हॉलमध्ये झोपलो की सून सकाळी पाय न वाजवता चालते, आणि मला फार अवघडल्यासारखं होतं. मग मी इथे, ती तिथे. तिला माझी आठवण येते की नाही हे विचारायचं माझं वय राहिलं नाही, आणि न विचारता राहवतही नाही.

*

आमचा नियम असा की प्रत्येकाचा एकच आवडता सिनेमा, वणीच्या मोबाइलवाल्याकडून पेन ड्राइव्हमध्ये भरून आणलेला, आणि तोच पाळीपाळीने लावायचा. नवीन आणायचा नाही. सिनेमांची नावं मी सांगणार नाही. नाव सांगितलं की आजकाल लोक मोबाइलवर त्याला किती स्टार मिळालेत ते बघतात आणि आपल्याकडे दयेने पाहतात.

खिडक्या लावून, पडदे ओढून टॉकीजसारखा अंधार करायचो. आणि ऐन रंगात आलं की लाइट जायची. सगळ्या महाराष्ट्राला वीज द्यायला कोळसा आम्ही काढायचा, आणि क्लायमॅक्सला पंखासुद्धा आमचाच बंद!

पण कुणी उठायचं नाही. खाणीत एक रीत होती. खाली दिवा गेला तर जागेवर बसायचं आणि बोलत राहायचं, म्हणजे शेजारच्याला कळतं आपण कुठे आहोत. तीच सवय. लाइट गेली की ज्याचा सिनेमा, त्याने पुढचं तोंडाने सांगायचं. आम्ही ऐकायचो.

*

सलीमभाईंचा सिनेमा कोर्टाचा. सुरुंगांनी त्यांचे कान अर्धे नेलेले, त्यामुळे तो सिनेमा त्यांनी ऐकला कमी आणि पाहिलाच जास्त. एका रविवारी वकील उभा राहिला आणि लाइट गेली. सलीमभाईंनी अंधारात असं भाषण ठोकलं की आम्ही गार. "जज साहब, जमीन के नीचे दबा हुआ आदमी भी इन्सान होता है," वगैरे वगैरे.

लाइट आली. आम्ही मागे नेऊन तोच सीन लावला. वकील फक्त म्हणाला, "मला पुढची तारीख हवी आहे."

नगराळे म्हणाले, "सलीमभाई, तो वकील तं असं काहीच नाही बोलला."

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "त्यानं बोलाले पाह्यजे होतं."

*

नगराळ्यांचा सिनेमा अगदी सुमार. मारामारी, पाठलाग, गाणी. इतक्या शांत, वाचणाऱ्या माणसाला तो का आवडावा हे आम्हाला बरेच दिवस कळेना. मग त्यांनीच एकदा रिमोट घेऊन चित्र थांबवलं.

हिरो गुंडांपासून लपायला एका घरात शिरतो. छोटं घर, पत्र्याचं. आणि त्याच्या पाठीमागे भिंतीवर, अर्धा झाकलेला, निळ्या कोटातला तो फोटो. नगराळ्यांच्या घरात दारासमोर लावलेला आहे तोच.

"साऱ्या जिंदगीत पाह्यलेल्या सिनेमांत मले आपलं घर एवढंच दिसलं," ते म्हणाले. "बाकी सगळे बंगले."

त्यानंतर तो सीन आला की नगराळे खुर्चीतून डावीकडे झुकायचे, हिरोच्या मागचं नीट दिसावं म्हणून. हळूहळू आम्हीही झुकायला लागलो. चार म्हातारे एकदम डावीकडे. सलीमभाई दर वेळी म्हणायचे, "हा हिरो जरा बारीक घ्याले पाह्यजे होता."

*

किसनचा सिनेमा दोन भावांचा. त्याच्या लहानपणी महागावकडे त्यांच्या तांड्याजवळच्या जत्रेत तंबूतलं टॉकीज यायचं, तिथे पाहिलेला. धाकट्याला घरी ठेवून मोठा भाऊ कमवायला परगावी जातो. किसनच्या सिनेमाच्या वेळी लाइट हमखास जायची आणि शेवट तोच सांगायचा. नदीला पूर आलेला असतो, धाकटा काठावर उभा असतो, आणि नावेतून मोठा भाऊ येतो. हातात नवी चप्पल. सांगताना किसनचा आवाज बदलायचा. आमचेही डोळे भरायचे, अंधार असल्यामुळे अडचण नव्हती.

एका रविवारी लाइट गेलीच नाही.

सिनेमा शेवटपर्यंत चालला. पूर आला, धाकटा काठावर उभा राहिला, नाव आली. नावेतून भलतंच कुणीतरी उतरलं आणि निरोप सांगून निघून गेलं. मोठा भाऊ येतच नाही. पडद्यावर 'समाप्त'.

किसन टीव्हीकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "गाडी सुटत होती. बा मले अर्ध्यातूनच उचलून घेऊन गेलता." म्हणजे शेवट त्याने कधी पाहिलाच नव्हता. किसनचा स्वतःचा मोठा भाऊ तेलंगणात कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नगराळे घसा साफ करून म्हणाले, "ही कॉपी डुप्लिकेट दिसते."

"बिलकुल डुप्लिकेट," सलीमभाई म्हणाले. "वणीच्या त्या मोबाइलवाल्यानं मागची रीळच बदलवून देली."

पेन ड्राइव्हमध्ये रीळ नसते हे आम्हा चौघांना ठाऊक होतं. पुढच्या वेळी किसनची पाळी आली तेव्हा पुराचा सीन सुरू होताच मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि दाराजवळचा मेन स्विच खाली केला. "गेली वाटते," नगराळे म्हणाले. किसन सांगायला लागला. नाव आली, मोठा भाऊ उतरला. दर वेळी मी उठायचो, आणि किसनने कधी विचारलं नाही की शेजारच्या घरातला टीव्ही कसा काय चालू आहे.

*

मग एकेक जण पांगला. सलीमभाईंना मुलगी नागपूरला घेऊन गेली, कानाच्या डॉक्टरसाठी. किसन तांड्यावर परत गेला, सोयाबीन बघायला घरात कुणी नव्हतं. नगराळे गेल्या हिवाळ्यात वारले.

ते गेल्यानंतरच्या रविवारी किसन आणि सलीमभाई दोघंही अजून इथेच होते. आम्ही त्यांचाच सिनेमा लावला. तो सीन आला, तिघंही डावीकडे झुकलो, आणि मधली खुर्ची रिकामी असल्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. हिरोबद्दल त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही.

आता रविवारी मी एकटाच असतो. चार कप चहाच्या अंदाजाने पाणी ठेवतो आणि मग कमी करतो. टीव्ही मोठा केला तरी घर भरत नाही.

*

राहिला माझा सिनेमा.

लग्न झालं त्या वर्षी वणीच्या टॉकीजमध्ये पाहिलेला. एका आडस्टेशनावरच्या मास्तरची गोष्ट, संथ. सुमन माझ्या शेजारी होती, आणि सिनेमा सुरू होऊन जरा वेळ झाला तोच झोपली. डोकं माझ्या खांद्यावर. हललो तर उठेल म्हणून मी शेवटपर्यंत तसाच बसलो. हात बधिर झाला, पण सिनेमा असा पाठ झाला की आजही सीन बाय सीन सांगेन. किसन चिडवायचा, "ज्याच्यात बायको झोपली तोच आवडते का गा तुले?" आवडतो. का ते मला त्याला सांगता आलं नाही.

परवाच्या रविवारी एकट्याने तो लावला. शेवटाकडे लाइट गेली. मी सवयीने जागेवर बसून राहिलो. सांगायला तोंडही उघडलं, आणि लक्षात आलं की समोर कुणी नाही. त्या अंधारात जितकं एकटं वाटलं तितकं खाणीत कधी वाटलं नव्हतं. सुमनला फोन लावला.

"काहून, तब्येत बरी आहे ना?" ती कुजबुजली. नातू शेजारी झोपला होता.

"लाइट गेली," मी म्हणालो. "आपला तो वणीचा सिनेमा लावला होता. तू झोपली होतीस, तुला शेवट माहीत नाही. सांगू का?"

"सांगा. ऐकून राह्यली मी."

मी सांगायला लागलो. मास्तर बदलीवर दूर गेलेला, बायको क्वार्टरमध्ये एकटी. कितीतरी वर्षं जातात. एका संध्याकाळी सगळीकडे अंधार असतो, दारावर थाप पडते, बाहेरून तो हाक मारतो. पलीकडून हुं नाही की चूं नाही. पुन्हा झोपली असेल असं वाटलं, तरी मी बोलत राहिलो.

"मग ती उठते," मी म्हणालो. "आधी कंदील पेटवते आणि मग दार उघडते."

"कंदील नाही पेटवत," सुमन म्हणाली. "अंधारातच उघडते. आवाज ओळखते ना ती."

तिचंच बरोबर होतं.

"तू तर झोपली होतीस," मी म्हणालो.

"बाजूले तुमची आई बसली होती," ती म्हणाली. "मी जागी असती, तं खांद्यावर डोकं ठेवू देलं असतं का तुमी?"