मोटर हॉट, ऑइल क्लीन

सिन्नरच्या मराठी शाळेत शिकून, पुढे डिप्लोमा करून मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. माझं इंग्रजी जेमतेम. आमच्या साहेबांचं कॉन्व्हेंटचं. त्यामुळे इटालियन पॅकिंग मशीन बंद पडलं, तेव्हा तिकडच्या मेकॅनिकशी चॅटवर बोलायला साहेबच बसले.

मेकॅनिकला इटालियनशिवाय काही येत नव्हतं. पण चॅटमध्ये तेव्हा नवीनच सोय आली होती. आपण इंग्रजीत लिहायचं, ते त्याला इटालियनमध्ये दिसायचं. त्याचं उत्तर आपल्याला इंग्रजीत.

साहेबांनी चार ओळींचं एकच वाक्य लिहिलं. तसदीबद्दल क्षमा, मशीनने आठवडाभर कसा छळ मांडलाय, कृपया लक्ष घालावं वगैरे. उत्तर आलं, 'समजलं नाही. तुम्हाला कोण छळतंय?' साहेबांनी आणखी लांबलचक खुलासा केला. त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह आलं.

"बघ बाई, तुला जमतंय का," म्हणत साहेब चहाला उठले.

मला लांब वाक्य लिहिताच येत नव्हतं. मी लिहिलं, 'मोटर हॉट. ऑइल क्लीन. नॉइज लेफ्ट साइड.'

लगेच उत्तर, 'बेल्ट टाइट?'

धावत जाऊन बघून आले. 'नो. बेल्ट ओके.'

'कव्हर उघड. डावं बेअरिंग हाताने फिरव.'

फिरवलं तर खरखर. तेच कळवलं.

साहेब परत आले आणि स्क्रीन वाचून म्हणाले, "अगं, हे काय इंग्रजी? एकाही वाक्यात क्रियापद नाही!"

"साहेब, त्याला कळतंय ना. बेअरिंग गेलंय."

स्टोअरमध्ये त्याच मापाचं बेअरिंग निघालं. दुपारी चारला मशीन सुरू झालं. मेकॅनिकने लिहिलं, 'तू स्पष्ट बोलतेस.' साहेबांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. मग म्हणाले, "यापुढे त्याच्याशी तूच बोलत जा."

कॉलेजात ज्या इंग्रजीपायी मी शेवटच्या बाकावर बसायची, त्याच इंग्रजीवर मी पुढची चार वर्षं ते मशीन चालू ठेवलं. त्यानंतर मला त्याची लाज कधी वाटली नाही.

मेकॅनिकची नि माझी ओळख वाढली. एकदा त्याने विचारलं, जेवणात काय?

'भाकरी. ठेचा.'

'ठेचा काय?'

'ग्रीन चिली. गार्लिक. स्टोन.'

उत्तर आलं, 'तुम्ही दगड खाता?'

मी घाईघाईने खुलासा टाइप करत होते आणि मागे उभं राहून स्क्रीन वाचणारे साहेब पोट धरून हसत होते.