तोंड बांधाकडे

कुणाकडेही बोट न दाखवता अख्खं आयुष्य काढलेला माणूस नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरच्या वाट्याला आला आहे. हे माझ्या बायकोचे थोरले मामा. राजूरच्या पलीकडे डोंगरात त्यांचं गाव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत घालवली, पण लढाईत नव्हे, तर नेमबाजीच्या मैदानावर लाल झेंडा धरून. जवान गोळ्या झाडायचे आणि गुरं, गुराखी, वाट चुकलेले साहेब असं जे काही समोर येईल ते मामा बाजूला हाकलायचे. त्या नोकरीतून त्यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या. एक पेन्शन आणि दुसरं हे वाक्य, "तोंड मानसाकडं नको!" तोंड म्हणजे बंदुकीच्या नळीचं, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मी बिचारा मामांसमोर मान खाली घालून जेवत असे.

मामांच्या लेखी जगातल्या झाडून साऱ्या वस्तूंना तोंड असतं. छत्रीला असतं, बॅटरीला असतं, टीव्हीच्या रिमोटला तर असतंच असतं. चॅनल बदलायचं म्हटलं की मामा आधी खोलीत हाळी देणार, टीव्हीसमोरच्या सगळ्यांना भिंतीला लावणार आणि मगच बटण दाबणार. तोवर बातम्या संपलेल्या असायच्या. चहाची किटली खाली ठेवताना तिचं तोंड दाराबाहेर, शेताच्या बांधाकडे वळलेलं पाहिजे. तसं नसेल तर त्यांना घोट उतरत नाही. एकदा दवाखान्यात नर्सबाईंनी सुई वर धरून औषधाचा थेंब उडवला, तेव्हा मामा खूश होऊन म्हणाले, "शाब्बास, तोंड वर!" पुढच्याच क्षणी ती सुई त्यांच्या दिशेने निघाली आणि फौजेतला हा गडी खाटेवरून उतरून थेट जीपच्या थांब्यावर दिसला.

अशा माणसाने पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून रायफल घ्यावी, ही रानडुकरांवर देवाची कृपाच म्हणायची. कारण रायफल उचलली की मामा डुकराकडे बघायचेच नाहीत, डुकराच्या मागे काय आहे ते बघायचे. डुकरामागे कुत्रं, कुत्र्यामागे पायवाट, पायवाटेमागे अख्खा अकोले तालुका. गोळी कधी सुटलीच नाही. पुढे पुढे तर डुकरं मामांना बघून पळायची सोडून निवांत चरू लागली.

यातूनच ते भावाभावांचं बिनसलं. धाकटे मामा शेजारीच राहतात, मधे फक्त बांध. एका पहाटे त्यांच्या भुईमुगात डुकरं शिरली. थोरल्यांनी नेम धरला, बराच वेळ धरला आणि मुकाट्याने रायफल खाली घेतली. डुकरांनी रान नांगरून काढलं. धाकट्यांनी पारावर सगळ्या गावासमोर विचारलं, "तुमची ती बंदूक हाय का बासरी?" मामा तसेच उठून घरी आले. तेव्हापासून अबोला. काही सांगायचंच झालं तर दोघं म्हशीला सांगायचे. "म्हशे, कुनाची तरी मोटर चालू ऱ्हायली हाय बघ," असं थोरले मोठ्याने म्हणत आणि बांधापलीकडे मोटर बंद होई. मामींनी दोघांना समजावून पाहिलं, मग त्याही थकल्या. सणाला मात्र मामा ताटावर बसले की त्यांची नजर हटकून दाराकडे जायची. त्यांचं काय दुखतंय ते आम्हा सगळ्यांना दिसायचं.

निवडणूक जवळ आली होती. अशा वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामा रायफल जमा करायला निघणार त्या दिवशी नेमके आम्ही गावी होतो. सकाळीच एक डुक्कर आलं, मामांनी काडतूस भरलं, डुकरामागे दूधवाल्याची मोटारसायकल निघाली आणि शिरस्त्याप्रमाणे गोळी राहिली. पण या खेपेला काडतूस बाहेरच येईना. मामांनी काडतूस काढायचा मागचा दांडा ओढला, तो आला, काडतूस मात्र आतच. आमच्या त्या डोंगरातल्या पावसात डब्यातला पापड वातड होतो, तिथं पितळेच्या काडतुसाचं काय! कळकून ते नळीच्या बुडाशी चिकटून बसलं होतं.

बातमी फुटली आणि गाव सल्ले घेऊन धावलं. कुणी खोबरेल तेल आणलं, कुणी चुलीवर शेकायला सांगितलं. एका उत्साही गृहस्थाने तर पुढून घालायला सळईच आणली होती. "घाल सळई," मामा शांतपणे म्हणाले, "पन आधी घरच्यांचा निरोप घिऊन ये." मग त्यांनी सगळ्यांना दटावलं, "ठोकायचं न्हाई, खुपसायचं न्हाई, तापवायचं न्हाई. जावईबापू, नगरच्या बंदूकवाल्या मिस्त्रीला फोन लावा." मिस्त्री फोनवर मला म्हणाला, "हात लावू नका, मी येतो." आता मिस्त्री येईपर्यंत रायफल ठेवायची कुठे तोंड करून? एकीकडे घर, एकीकडे शाळा, खाली बोटभर चिखल आणि त्याखाली कातळ, गोळी उसळणार. मी म्हटलं, "आकाशाकडे धरा." मामा म्हणाले, "वर गेलेली खाली येनारच. आन् खाली राजूरचा बाजार हाय." राहता राहिला बांध. तोही दगडी, फक्त एका ठिकाणी मातीचा चांगला जाड.

"तोंड बांधाकडं!" मामा गरजले.

आणि आम्ही सगळ्यांनी आपापली तोंडं बांधाकडे फिरवली. मी, मामी, सळईवाला, अख्खं गाव राष्ट्रगीताला उभं राहावं तसं बांधाकडे तोंड करून उभं राहिलं. त्यामुळेच आम्हाला दिसलं की मातीच्या त्या नेमक्या जागी धाकटे मामा तंबाखू मळत बसले आहेत.

मामांनी झटकन नळी पायापुढच्या चिखलाकडे वळवली. "म्हशे," ते ओरडले, "कुनाला तरी उठाय सांग!"

म्हैस रवंथ करत राहिली. "जावईबापू," तिकडून आवाज आला, "त्यांना म्हनावं सोताच्या तोंडानं सांगा. आन् डुकरावर न्हाई चालली ती माझ्यावर काय चालनार!"

मामांचे हात आता भरून आले होते. वय झालेलं, रायफल जड, आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. कपाळावरून घाम निथळत होता. मला भीती वाटली, खरंच वाटली.

"ऊठ की रं!" मामा एकदम भावाला म्हणाले. "त्या दिशी बी डुकरामागं तूच हुतास. तांब्या घिऊन!"

धाकट्यांची तंबाखू हातातून सांडली. ते उठले आणि बाजूने वळसा घालून मामांपाशी आले. "दादा," ते म्हणाले, "मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"पारावर इच्चारलंस. चारचौघांत तांब्याचं कसं सांगू?"

पुढच्या क्षणाला कुणाला हसावं की रडावं ते कळलं नाही. मामी दोन्ही करत होत्या. धाकट्यांनी भाताच्या कोंड्याची पोती आणून रचली, मामांनी त्यावर रायफल टेकवली, तोंड बांधाकडे. मग सगळ्यांना पार मागे पिटाळून दोघे भाऊ तिच्या मागच्या बाजूला खेटून राखणीला बसले. दुपारी मिस्त्री आला. तेलाचे थेंब सोडून, थोडं थांबून, आपल्या हत्याराने त्याने ते हिरवं काडतूस हळूच मागे ओढून काढलं. इकडे कुणाचं लक्षच नव्हतं. भावांचं भुईमुगावर बोलणं चाललं होतं, आणि ते बरंच साठलेलं होतं.

रायफल ठाण्यात जमा झाली, ती मामांनी परत आणलीच नाही. मग दोघे मिळून पत्र्याचा डबा बडवायचे आणि डुकरं खरोखरच पळायची.

परवा जाऊन आलो. मामांना आता दिसत नाही. ओसरीवर बसून असतात. धाकटे मामा त्यांना बशीत चहा ओतून देतात आणि किटली खाली ठेवताना तिचं तोंड न चुकता बांधाकडे वळवतात. मी म्हटलं, "त्यांना कुठे दिसतंय आता?"

"त्यो इच्चारतो ना, तोंड कुनीकडं हाय," धाकटे मामा म्हणाले. "रोज इच्चारतो. दादाला खोटं कसं सांगू?"