चिमट्याचा डावा हात

चिमट्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची गचांडी धरणं हा फावल्या वेळचा उद्योग. कॅसेट वर्षानुवर्षं टिकते, पण खेळून जमवलेलं सगळं आतल्या बटणाएवढ्या सेलच्या जिवावर तगून असतं. पंधरा-वीस वर्षांनी सेल संपला की ते पुसलं जातं. म्हणून सेल बदलताना बाहेरून दोन वायरींनी करंट देत राहावं लागतं. एकदा कुणाच्या तरी थोबाडीत द्यायला त्याने हात उचलला, वायर सुटली आणि एका विधवेच्या नवऱ्याचा सगळा खेळ गेला. ती बाई पुसलेली कॅसेट पदरात गुंडाळून घेऊन गेली, तेच त्याला लागलं. तेव्हापासून वायरी टेकवल्या की काम होईपर्यंत डावा हात हलवायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

त्या दुपारी एक ट्रकचालक शर्यतीची कॅसेट घेऊन आला. त्याचा धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. धाकट्याची सर्वांत वेगवान फेरी कॅसेटमध्ये राहिली होती. खेळ लावला की त्याची फिकट गाडी तशीच पुढे पळायची. ट्रकचालक दर रविवारी तिच्याशी शर्यत लावायचा आणि हरायचा.

"आजचा दिवस निघेल, उद्याचं सांगत नाही," सेल तपासून चिमटा म्हणाला आणि कामाला लागला.

जुना सेल निघाला, नव्याची एक बाजू जोडून झाली, तोच ट्रकचालकाचा थोरला भाऊ हातात पाना घेऊन आत घुसला.

"दे ती इकडे. आज तिचा चुराच करतो."

"दादा, हात लावू नकोस तिला."

थोरल्याने डोक्याने धडक दिली. ट्रकचालकाचं नाक फुटलं, तो काचेच्या कपाटावर आदळला आणि काचांसकट खाली आला. मग थोरला चिमट्याकडे वळला.

चिमट्याच्या उजव्या हातात तापलेली सोल्डरिंग गन होती आणि थोरल्याचा गाल वीतभर अंतरावर. टेकवावी, असं त्याच्या फार मनात आलं. पान्याच्या पहिल्या फटक्यात चिमट्याच्या डाव्या हाताची करंगळी मोडली, दुसऱ्यात शेजारचं बोट. त्याने थोरल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, वायरी अंगठ्याखाली तशाच चेपून धरल्या आणि गन सेलच्या दुसऱ्या पट्टीवर टेकवली. तिसरा फटका मनगटावर बसला, तोवर जोड पक्का झाला होता.

"त्या दिवशी माझ्याशी भांडून निघाला होता धाकटा," थोरला ओरडला. "मी कानाखाली वाजवली म्हणून. आणि हा दर रविवारी माझ्या डोळ्यांदेखत त्याला पळवतो."

चिमट्याने रक्ताळलेली कॅसेट मशीनमध्ये खोचली.

"आधी बघ. मग फोड."

फिकट गाडी सुटली. वळण आलं तरी तिचा वेग जराही उतरला नाही. थोरला पडद्याजवळ जाऊन उकिडवा बसला. पाना त्याच्या हातातच होता.

"जरा हळू चालव ना रे," तो म्हणाला.