उपरण्यात बांधलेला नारळ

काल सूनबाईने नारळ फोडला आणि त्या ओल्या, गोडसर वासासरशी मला न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवे गावातील शाळेचे सभागृह आठवले. साल २००१, ऑक्टोबरचा आरंभ. न्यूयॉर्कवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. स्पॅनिशभाषकांच्या हिस्पॅनिक वारसा महिन्यानिमित्त गुणवंतांचा सत्कार होता आणि शेजारची मारिसोल, माझ्या नातीची मैत्रीण, गणितात पहिली आली होती. शाल-श्रीफळाविना सत्कार कसला, म्हणून मी दोन्ही उपरण्यात बांधून नेले.

"बाबा अजिबात घाबरले नाहीत," असे मुलगा आजही पाहुण्यांना सांगतो. हे साफ खोटे आहे. तो तर त्या दिवशी ऑफिसात होता.

पहारेकऱ्याने माझ्या मांडीवरचे ते गोल, जड गाठोडे पाहिले आणि त्याचा हात कमरेकडे गेला. आसपासच्या खुर्च्या सरकल्या. गाठ सोडण्यासाठी मी हात हलवला, तर तो काय करील हे कळेना. इंग्रजी दूरच, मराठीही सुचेना.

तेवढ्यात मारिसोल व्यासपीठावरून धावत आली, तेव्हा तर तिच्या काळजीने मी अधिकच घाबरलो. "दॅट्स आजोबा," ती त्याला म्हणाली, "ही लिव्हज नेक्स्ट डोअर." तिनेच गाठ सोडून नारळ दाखवला. त्याचा हात खाली आला.

तिच्या खांद्यांवर शाल घालताना माझे हात थरथरत होते. ते वयामुळे, अशी सूनबाईची समजूत आहे. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या हातांना कसलाही कंप नव्हता.