पाठीवरचं नाव

सुलेखा वैशंपायनला गाडी चालवायला शिकवली ती वरच्या मजल्यावरच्या लोरेटानं. तिचा नवरा ड्वेन व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा. म्हणजे बहुतेक रविवारी बाकावर बसायचा. दुसरा एक संघ त्याला घ्यायला तयार होता, पण करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क जुन्या संघाकडेच राहायचा. सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात देशभरचे खेळाडू संपावर गेले, ते मुख्यतः याच कारणासाठी.

"करार संपला की माणूस मोकळा हवा ना?" लोरेटा म्हणाली.

"हो तर! आमच्या ह्यांचा व्हिसा कंपनीच्या हातात होता. चार वर्षं नोकरी बदलता आली नाही."

गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, तेव्हा कुठे सुलेखालाही जवळच्या ट्रॉय गावातल्या स्पोर्ट्सच्या दुकानात शिवणकाम मिळालं होतं.

सामने चालू ठेवायला संघानं बदली खेळाडू आणले. दुकानाच्या मालकानं संघाकडून आलेल्या जर्सींचा ढीग टेबलावर ओतला. जुनी नावं उसवायची, नवी शिवायची. शेजारच्या मशीनवरची मार्जरी उठली. तिचे वडील मोटार कारखान्यात युनियनचे माणूस. "संप फोडणाऱ्यांच्या पाठीवर मी नाव चढवणार नाही," म्हणत तिनं कोट घातला, आणि दाराशी थांबून सुलेखाकडे पाहिलं. सुलेखा बॉबिन भरत राहिली.

तिसरीच जर्सी ड्वेनची निघाली.

"तू फक्त नाव उसवलंस," घरी तिचा नवरा पुरुषोत्तम म्हणाला. "माणूस थोडाच काढलास?"

"व्हिसावर होतात तेव्हा तुमच्या खुर्चीत कंपनीनं दुसरा आणून बसवला असता तर?"

पुरुषोत्तम टीव्हीचा आवाज वाढवायला उठला.

तिला खुपत होतं ते वेगळंच. काम तिनं फार चांगलं केलं होतं. नाव नुसतं ओढून काढलं असतं तरी मालकाला चाललं असतं. तिनं टाक्यांची भोकंसुद्धा वाफ देऊन बुजवली होती.

ऑक्टोबरात संप मोडला. भांडण कोर्टात गेलं आणि खेळाडू जुन्याच अटींवर परतले. त्या आठवड्यात ड्वेननं दार वाजवलं. कोटाचं बटण लोंबत होतं. खाली लोरेटा गाडीतच बसून होती. एरवी तीच पुढे यायची.

"असंच शिव, घाई आहे."

सुलेखानं दोऱ्याचा तुकडा त्याच्यापुढे धरला. "दातात धर. अंगावरचं शिवताना आमच्यात धरतात."

"म्हणजे मी बोलायचं नाही?" तो हसला, पण धरला. एवढा थोरला माणूस दोरा दातात धरून दारात निमूट उभा राहिला. तिनं मान वर केली नाही.

शेवटचा टाका पडल्यावर त्यानं दोरा काढला. "तुझा हात चांगला आहे, सुलेखा," तो म्हणाला. "माझ्या जर्सीवर कुठे उसवलंय ते कळतसुद्धा नाही."

एरवी ती दोरा दातानंच तोडायची. त्यासाठी त्याच्या छातीपाशी वाकावं लागलं असतं. बटणाला सुई तशीच लोंबती सोडून ती कात्री आणायला आत गेली. कात्री समोरच होती. खाली लोरेटानं हॉर्न दिला, पुन्हा दिला, तरी सुलेखा टेबलाशी पाठमोरी उभी होती.