दाराबाहेरची खुर्ची

ओनेटा गॅस्किन्सला कंटाळा आला होता. दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजंतवानं होतं. कंटाळलेलं माणूस झोपतं, उठतं आणि कॉफीचा कप हातात घेऊन काल जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा कंटाळायला लागतं. ती केमिस्ट्रीत डॉक्टरेट करत होती आणि त्यातली बरीच वर्षं काळ्या केमिस्टांच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष होती. पहिल्यांदा निवडून आली. पुढे दर वर्षी दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, म्हणून तीच.

मंडळ कसलं, मूठभर माणसं! एवढा मोठा विभाग, पण त्यात आपले शोधावे लागत. त्यांनी एकमेकांना धरून राहायचं, एवढाच मंडळाचा धर्म. पण धरून राहायचं म्हणजे कामं आली. शनिवारी गावातल्या शाळेत जाऊन पोरांना कोरड्या बर्फाचा धूर दाखवा. नव्या मुलांना कुठल्या प्रोफेसरच्या वाटेला जायचं आणि कुठल्याच्या नाही ते कानात सांगा. विभागाला माहितीपत्रकासाठी काळा चेहरा हवा असला की बोलवा ओनेटाला. पांढरा कोट घाल, हातात निळं पाणी धर, हस. ते निळं पाणी म्हणजे नुसता खाण्याचा रंग. हातात निळं पाणी दिसल्याशिवाय लोकांना केमिस्ट हा केमिस्ट वाटतच नाही, त्याला कोण काय करणार!

"तुला केमिस्ट व्हायचंय की समाजसेविका?" तिचे गाइड डॉ. हॅलोरन विचारायचे. माणूस वाईट नव्हता. पण माहितीपत्रकातला तो फोटो त्यांच्याच ऑफिसबाहेर लावलेला होता, हे त्यांना कधी दिसलं नाही. लष्करच्या भाकऱ्या कोण भाजतंय ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि भाकऱ्या तर सगळ्यांनाच हव्या असतात.

ही सगळी कामं तिनं एक वेळ सोडली असती. खुर्ची मात्र तिला सोडवत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर, जिथे तोंडी परीक्षा होतात त्या खोलीच्या दाराबाहेर, एक जुनी लाकडी खुर्ची आहे. एक पाय आखूड, बसलं की डुगडुगते. फार वर्षांपूर्वी रूझवेल्ट टिन्सली नावाचा आपला एक मुलगा त्या खोलीतून परीक्षा देऊन बाहेर आला. विभागात तेव्हा आपला तो एकटाच. बाहेर सफाईचं काम करणाऱ्या मिस आर्डेलिया त्या खुर्चीवर दुखऱ्या पायांना आराम देत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पास झालास की नापास, हे त्यांनी विचारलंच नाही. "काही खाल्लंस का रे बाळा?" एवढंच म्हणाल्या. रूझवेल्ट तिथेच भिंतीला टेकून रडला म्हणतात. पुढे त्यानं मंडळ काढलं आणि मंडळाचा नियम केला, की आपलं माणूस आत असताना बाहेरची खुर्ची रिकामी राहता कामा नये. बसणाऱ्यानं निकाल विचारायचा नाही. आधी विचारायचं, काही खाल्लंस का.

ओनेटाला हा नियम पहिल्या दिवसापासून आपला वाटला. किन्स्टनला, तिच्या गावी, तिची आई चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून उभी राहायची. आलेल्याला आत न्यायचं, रडणाऱ्याला हातपंखा द्यायचा, चक्कर आली तर धरायचं. "दारात उभं राहणाऱ्यानं प्रवचन ऐकायचं नसतं गं," आई म्हणायची, "माणसं बघायची असतात." मुलगी केमिस्ट झाली तरी नशिबी दारच आलं.

कोण कधी आत जाणार याची बातमी ओनेटा ठेवायची आणि फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायची, "गुरुवारी अमकी आत. कोण बसतंय?" दोन अंगठे, एक हृदय, आणि मग शेवटी ओनेटाच जाऊन बसायची.

मागच्या हिवाळ्यात कझाया मेफील्डची परीक्षा होती. मिसिसिपीच्या खेड्यातली पोरगी, बोलायला तिखट, पण मोठ्यांना 'मिस' लावल्याशिवाय हाक मारायची नाही.

"अगं, मला मिस म्हणू नकोस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

"मग म्हातारीसारखं वागू नका ना, मिस ओनेटा. कोपरासुद्धा धरून बसता हल्ली."

त्या दिवशी ओनेटाचा कॉलम चालू होता. उभी काचेची नळी, तिच्यात पांढरी भुकटी ठासून भरलेली, वरून द्रव ओतत राहायचा. भेसळीतला आपला पदार्थ हळूहळू सुटा होऊन खाली येतो. यात अक्कल फारशी लागत नाही, पण वरचा द्रव संपू द्यायचा नसतो. संपला की भुकटी सुकते, तिला भेगा पडतात आणि सगळं पुन्हा एकमेकांत मिसळतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. ओनेटाच्या त्या नळीत कित्येक महिन्यांची मेहनत होती, तेवढाच पदार्थ होता, दुसरा नव्हता. तिनं वर काठोकाठ द्रव भरला, हिशेब केला, तासाभरात परत येऊ म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

परीक्षा लांबली. एक प्रोफेसर आत कझायाला सोडतच नव्हता. दाराच्या काचेतून ओनेटाला फळ्यापुढे उभ्या पोरीची पाठ दिसत होती, आणि डोळ्यांपुढे स्वतःची नळी. उठावं? पण उठली आणि नेमकं दार उघडलं तर? ती बसून राहिली. कझाया बाहेर आली ती रडतच. अर्धी परीक्षा पुन्हा द्यायला सांगितली होती.

"काही खाल्लंस का?"

"नाही."

मग तिला तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर खाऊ घातली, पाठीवरून हात फिरवला. परत लॅबमध्ये आली तर नळीतली भुकटी वरपासून खालपर्यंत तडकलेली, उन्हाळ्यातल्या शेतासारखी. ओनेटा रडलीही नाही. तिनं भुकटी कचऱ्यात ओतली, नळी धुतली आणि डॉ. हॅलोरनना सांगितलं की हातून चूक झाली. कुठे गेली होती ते सांगितलं नाही. त्यांनी नुसतं डोकं हलवलं. पदवी एक सत्र पुढे गेली.

तेव्हापासून तिला तो कंटाळा आला तो गेलाच नाही.

आता वसंतात तिची अखेरची परीक्षा ठरली. त्याच्या आधी तिनं मंडळाची सभा बोलावली. कोलार्डच्या पाल्याची भाजी केली, चीज घालून मॅकरोनी भाजली, पाउंड केक आणला. मंडळी आली, पोटभर जेवली. ओनेटा म्हणाली, "मी चालले. नवा अध्यक्ष ठरला नाही तर विभाग हे मंडळ बंद करणार. कोण उभं राहतंय?"

सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले.

"अगं, तुझ्यासारखं कुणाला जमणार?" मंडळाचा उपाध्यक्ष लव्हेल रफिन म्हणाला. देखणा, गोडबोल्या, कामाच्या वेळी हमखास दुसऱ्या गावाला गेलेला.

"मला तरी कुठे जमतंय, लव्हेल?"

"बघ! हेच. किती साधी आहेस." आणि त्यानं आणखी मॅकरोनी वाढून घेतली.

कझाया कोपऱ्यात बसली होती. तिनंही हात वर केला नाही. ओनेटाला तिचा राग आला, मग स्वतःचाच आला. तिनं भांडी एकटीनं घासली. संपणार तर संपू दे, आपण काय मंडळाला जन्माची पुरणार आहोत? असं ती म्हणाली खरी, पण घासलेलंच भांडं पुन्हा घासत होती.

तिच्या परीक्षेच्या दिवसाबद्दल तिनं ग्रुपमध्ये काही टाकलं नाही. मुद्दामच. विभागाची सूचना सगळ्यांना आली होती. एकदा, फक्त एकदा, न सांगता कुणी बसतं का ते तिला बघायचं होतं. स्वतःशीसुद्धा तिनं हे धड कबूल केलं नाही.

सकाळी खालच्या मोठ्या खोलीत तिचं भाषण झालं. सगळे आले. लव्हेल तर शिट्टी वाजवून टाळ्या वाजवत होता. डोनट संपले, मिठ्या झाल्या, फोटो झाले. मग वर बंद दाराआड प्रश्नोत्तरं. "नंतर भेटू गं, रिअॅक्शन चालू आहे," म्हणत जो तो आपापल्या लॅबमध्ये पळाला. वर कुणीतरी बसलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. अध्यक्षबाईंनी सोय केली असेलच की! सगळ्यांची सोय तीच तर करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आतल्या चौघांनी तिला चांगलंच पिळलं. सुकलेल्या कॉलममुळे जो भाग तिला पुन्हा करावा लागला होता, नेमका त्याच्यावरच जास्त प्रश्न आले. शेवटी डॉ. हॅलोरन म्हणाले, "जरा बाहेर थांब. आम्ही आपसात बोलतो."

ती बाहेर आली. खुर्ची रिकामी होती.

कॉरिडॉरभर कुणी नव्हतं. ओनेटा खुर्चीकडे बघत उभी राहिली. इतक्या जणांसाठी इथे बसलो आपण, आणि आज एक कुत्रं फिरकलं नाही. तिला हसूच आलं. मग ती स्वतःच त्या खुर्चीवर बसली. खुर्ची नेहमीसारखी डुगडुगली.

तेवढ्यात जिन्यातून कझाया आली. हातात द्रवाची मोठी बाटली, डोळ्यांवर लॅबचा चष्मा, घाईत. खुर्चीवर ओनेटा दिसल्यावर सवयीनं थांबली आणि आवाज खाली करून म्हणाली, "आज कोण आहे आत, मिस ओनेटा?"

"मीच."

कझायाला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं दाराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. बाटली हळूच खाली ठेवली.

"आणि बाहेर कोण बसलंय?"

"मीच गं."

"अरे देवा." कझाया मटकन जमिनीवर बसली. "मला वाटलं लव्हेल असेल."

"लव्हेललाही वाटलं असेल तू असशील. जा, कॉलम चालू आहे ना तुझा? सुकेल. माझा एक सुकला तेवढा पुरे."

"ठाऊक आहे मला. माझ्या परीक्षेच्या दिवशी सुकला तो. तुम्ही सांगितलं नाहीत, पण लॅबमध्ये भिंतींना कान असतात." कझायाचे डोळे भरले होते. "म्हणूनच सभेत हात वर केला नाही मी. म्हटलं, अध्यक्ष व्हायचं म्हणजे असं सुकायचं असेल, तर नको बाई."

असं म्हणून तिनं खिशातून फोन काढला आणि लॅबमधल्या पोराला लावला. "अरे, माझ्या कॉलमचा नळ बंद कर ना. हो, आत्ता. थँक्यू, राजा." फोन पुन्हा खिशात.

ओनेटा तिच्याकडे बघतच राहिली. एवढंच होतं? खालचा नळ बंद करायचा, कुणाला तरी सांगायचं. केमिस्ट्रीतली सगळ्यात सोपी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत दुसऱ्याला फोन करून हे सांगावं असं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"उठा," कझाया म्हणाली.

"काय?"

"उठा म्हणते ना. ती बाहेरच्याची खुर्ची आहे. तुम्ही आतल्या."

ओनेटा उठली. कझाया खुर्चीवर बसली, डुगडुगणारा पाय तिनं बुटाच्या टोकानं दाबून धरला. "आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष म्हणून मीच बसवणार माणसं. पण पाळी लावून. लव्हेलची पहिली."

दार उघडलं. डॉ. हॅलोरन बाहेर डोकावले, हात पुढे केला आणि म्हणाले, "डॉक्टर गॅस्किन्स, आत या." याच शब्दांत निकाल सांगायची त्या विभागाची रीत होती. ओनेटा आत गेली. सह्या झाल्या, हात मिळवून झाले, कुणीतरी विनोद केला, ती हसली. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी होत असल्यासारखं तिला वाटत होतं.

ती परत बाहेर आली तेव्हा कझाया खुर्चीवरच होती. ताठ बसलेली, हात मांडीवर, चर्चच्या दारातल्या बाईसारखी. पास झालात का, असं तिनं विचारलं नाही.

"काही खाल्लंत का, मिस ओनेटा?"

हा प्रश्न ओनेटानं इतक्या जणांना विचारला होता. तिला तो आजवर कुणी विचारला नव्हता. ती भिंतीला टेकली, आणि एवढ्या वर्षांत जे आलं नव्हतं ते रडू आलं.

"नाही गं," ती म्हणाली, "सकाळपासून काहीच नाही."