उंचवट्यावरची माती

सरकारी योजनेनं जमीन, पाणी खरंच सुधारलं का, हे तपासून वरच्यांना सल्ला देणारी शिकलेली मंडळी आमच्या बारामतीच्या केंद्रात प्रशिक्षणाला येतात. त्यांना माती तपासायला शिकवते मेघना. बावड्याची पोर, पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, आणि शिस्तीच्या बाबतीत नुसती कटकट. मी तिथली प्रयोगशाळा सांभाळतो, त्यामुळं तिची बोलणी सगळ्यात जास्त मीच खाल्ली आहेत. "बांधाची माती घ्यायची नाही, उंचवट्याची नाही, आणि आपण स्वतः खणली नाही ती तर मुळीच नाही," हा तिचा पहिला धडा.

तीन वर्षांपूर्वी बावड्यात मीठ फुटलेल्या शेतांत निचऱ्याचे पाइप पुरले. मीटरवर क्षाराचा आकडा चारच्या आत आला की जमीन सुधारली, असा हिशेब. बाकी शेतं रडतखडत पाचावर होती. एकच शेत दरवर्षी दोनच्या आत. ते तिच्या वडिलांचं, श्रीपतीआबांचं. मेघना वर्गात तोच तक्ता कौतुकानं दाखवायची. त्याच्याच जोरावर यंदा आणखी चाळीस शेतांत पाइप घालायचं ठरत होतं.

मार्चमध्ये नवी तुकडी घेऊन आम्ही तिथं गेलो. आबांनी नेहमीसारखी मातीची भरलेली पिशवी पुढं केली.

"मॅडम, ही कोणी खणली?" अविराज नावाच्या प्रशिक्षणार्थीनं विचारलं.

मेघनानं पिशवी उघडून बघितली. तीन वर्षं ती आबांची पिशवी तशीच उचलत आली होती.

"आबा, कुठली माती ही?"

"वरल्या उंचवट्यावरची. चांगली हाय."

"मधली का नाही दिली?"

"अगं, तितं मीठ फुटलंय. माती नापास झाली तर सायेब लोक तुलाच बोलतील न्हवं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेघनानं टिकाव उचलला, शेताच्या मधोमध जाऊन स्वतः खणलं, माती पाण्यात ढवळून मीटर बुडवला. सात पूर्णांक तीन. चाळीस शेतांचं आता लटकलं, हे सगळ्यांनाच कळलं.

"ह्यो आकडा लिवनार?" आबांनी विचारलं.

"लिहावा लागेल. मागचे तिन्ही खोडावे लागतील. आणि का खोडले तेही."

आबांनी मीटर हातात घेऊन पाहिला.

"मंग माझं नाव लिव. माती मी दिली."

"घेतली मी, आबा," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःचं नाव लिहिलं.